पूर येण्याआधी स्मृतिभ्रंश असलेल्या सासूबाईंना कधी आणि कसं हलवायचं? तयारी काय ठेवावी?

सांगलीकर_सून

नमस्कार. सांगलीत कृष्णेजवळ तळमजल्यावर घर आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत गल्लीत पाणी होतं. सासूबाई ७८ वर्षांच्या, अल्झायमर्स, मधला टप्पा. आधाराने चालतात, चेहरे ओळखतात, नावं चुकतात. संध्याकाळी पाचनंतर बेचैन होतात आणि "मला घरी जायचंय" सुरू होतं. औषधं: स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिनचा पॅच (९.५ मि.ग्रॅ.), रात्री क्वेटियापिन २५ (बेचैनीसाठी), सकाळी रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, जेवणाआधी साखरेची ग्लिमेपिराइड. रात्री डायपर लागतो. दिवसा वेळेवर नेलं तर लागत नाही.

घरात मी, पाळीची नोकरी करणारा नवरा आणि दहावीतला मुलगा. नणंद मिरजेला राहते, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

नेमकं कधी निघायचं ते ठरत नाही. लवकर निघावं तर सगळे म्हणतात, "अजून पाणी कुठंय?" त्यांना काय सांगून बाहेर काढायचं? बॅगेत काय आणि किती? नातेवाईक म्हणतात की निघताना झोपेची गोळी द्या, म्हणजे त्रास नाही. ते बरोबर आहे का? आणि अडकलोच तर काय करायचं?

---

काठावरचा

पूरकाळातल्या बचावकामाच्या अंगाने लिहितो. औषधांबद्दल जाणकार सांगतीलच.

कधी निघायचं ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवर ठरवा, पण सरकारी इशाऱ्याची वाट बघू नका. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. या पातळ्या सगळ्या शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल भागांत पाणी बरंच आधी शिरतं. पुलावर किती फूट असताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं हे शेजारच्या जुन्या लोकांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. त्या आकड्यातून १० वजा करा. उरेल तो आजींचा निघायचा आकडा. पाणी तासाला अर्धा फूट चढत असेल तर १० फूट म्हणजे २० तास. एवढे तास चैन म्हणून नकोत. पहिल्या प्रयत्नाला आजी "नाही" म्हणतील, दुसऱ्यालाही म्हणतील, मग जेवतील, झोपतील आणि तिसऱ्या वेळी उठतील. या माणसांना घाई करता येत नाही. घाई केली की ती जागच्या जागी थिजतात, नाहीतर हात उगारतात. म्हणून घाई करायची वेळच येऊ द्यायची नाही.

दुसरी अट घड्याळाची. संध्याकाळी बेचैनी वाढते म्हणता, तर दुपारी दोनच्या आत नणंदेच्या घरी पोचायचं. अंदाज "आज रात्री पातळी वाढेल" असा असेल तर आज सकाळीच निघा. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पाऊस थांबलेला नाही, एवढं पुरेसं आहे. पाणी आलंच नाही तर चार दिवस नणंदेकडे राहणं झालं, नुकसान काहीच नाही. "अजून पाणी कुठंय" म्हणणाऱ्यांना हेच सांगा.

निर्णय एकाच माणसाचा ठेवा. नवरा रात्रपाळीला असेल तर त्याच्या फोनसाठी थांबायचं नाही, हे आत्ताच दोघांत ठरवून टाका. रिक्षावाला किंवा गाडीवाला आधीच सांगून ठेवा, एक नाही तर दोन. १०८ ही तातडीच्या रुग्णासाठीची गाडी आहे, घर हलवण्यासाठी तिच्यावर विसंबू नका. गाडीत मागच्या सीटवर बसवा, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा, शेजारी एक जण. रिक्षात दोघांच्या मध्ये.

आता अडकलात तर. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, आणि ११२ आहेच. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "वृद्ध बाई, स्मृतिभ्रंश, सूचना समजत नाहीत, उचलून न्यावं लागेल, सोबत एक माणूस हवाच." हे ऐकलं की बोटीत जागा तशी धरली जाते. शक्य असेल तर पावसाळ्याआधीच वॉर्ड ऑफिसात आणि आशाताईंकडे सांगून ठेवा की या घरात उचलून न्यावं लागणारी व्यक्ती आहे.

वाहत्या पाण्यातून त्यांना चालवत नेऊ नका. घोट्याच्या वर, सहा इंच वाहतं पाणीही धडधाकट माणसाला पाडतं, आणि त्यात साडी भिजली की पायात गुंतते. शिवाय स्मृतिभ्रंशात खोली आणि अंतराचा अंदाज बिघडतो. चमकणारं पाणी त्यांना खड्डा वाटतं आणि त्या पाय उचलतच नाहीत. पाणी साचलेलंच असेल, वाहत नसेल, तर हातांची मजबूत लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या. दोघे उचलणारे, एक पाठीकडून, एक पुढच्या पायांकडून, खुर्ची किंचित मागे कललेली. प्लास्टिकची खुर्ची नको, उचलताना तिचे पाय मुडपतात. त्यांचे हात मांडीवर शालीत गुंडाळून ठेवा. नाहीतर वाटेतला खांब किंवा चौकट दिसली की घट्ट धरतात आणि उचलणाऱ्यांचा तोल जातो.

बोटीत लाइफ जॅकेट आधी तुम्ही घाला, मग त्यांना. शालीवरून घातलं तर विरोध कमी होतो. सगळे बकल लावा. त्यांना मधल्या फळीवर, तुमच्याकडे तोंड करून बसवा, म्हणजे पाण्याऐवजी तुमचा चेहरा दिसेल. दोरीने स्वतःशी किंवा बोटीशी बांधू नका. बोट उलटली तर ती दोरी जीव घेईल. आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं घेतलेली बोट उलटली आणि माणसं गेली. हे या जिल्ह्यात कुणालाच विसरता येणार नाही.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा. ही कामं मुलाकडे सोपवा, तुम्ही आजींजवळून हलू नका.

---

वॉर्डसिस्टर

काठावरचा यांनी वेळेबद्दल लिहिलंय ते अगदी खरं. मी बोलण्याच्या आणि शरीराच्या बाजूने लिहिते.

पुराचं कारण सांगू नका. "पूर येतोय, घर सोडावं लागेल" हे वाक्य पाच मिनिटांनी विसरलं जातं, पण त्यातली भीती राहते. कशाची भीती हे आठवत नाही, म्हणून ती शमवताही येत नाही. बातम्यांचा टीव्ही बंद ठेवा. तोच व्हिडिओ दहादा दाखवतात आणि त्यांना दर वेळी नव्याने घडतंय असं वाटतं. बॅग त्यांच्यासमोर भरू नका.

निघताना एका वेळी एकच छोटी गोष्ट सांगा. "उठू या." थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मग "चप्पल घालू." मग "माझा हात धरा." समोरून या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि त्यांचा पंजा वरून पकडण्याऐवजी आपला तळवा त्यांच्या तळव्याखाली द्या. ओढलं जातंय असं वाटत नाही आणि तोल गेला तर सावरता येतं. कुठे जायचं असं विचारलं तर "वन्संकडे जेवायला" एवढं पुरे. ते खरंही आहे. माहेरी नेतो असं मात्र सांगू नका. तिथे पोचल्यावर दिवसभर त्याच माहेराची वाट बघतील आणि संध्याकाळी आवरणं अवघड होईल. तुम्ही सांगूनही ऐकत नसतील तर बाजूला व्हा आणि पाच मिनिटांनी दुसऱ्याने विचारावं. पुष्कळदा नातवाचं ऐकतात.

झोपेच्या गोळीचं उत्तर: नको. नेहमीच्या क्वेटियापिनचा जादा डोस नको, अल्प्राझोलाम नको, "अ‍ॅव्हिल दिली की झोपतात" हे तर अजिबात नको. अ‍ॅव्हिल, फेनर्गन यांसारख्या अ‍ॅलर्जीच्या औषधांनी मेंदूतलं आठवणीला लागणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलिन अडवलं जातं, म्हणजे रिव्हास्टिग्मिन जे वाढवायला बघतं नेमकं तेच. त्याने भ्रम वाढतो, लघवी अडते. आणि गुंगीतल्या ७८ वर्षांच्या बाईला जिन्यावरून किंवा बोटीतून नेणं म्हणजे जागं असण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. पाय लटपटतात, घोट श्वासनलिकेत जातो. काही जण अशा गोळीने शांत व्हायच्या ऐवजी जास्तच खवळतात. प्रवासासाठी खरंच काही लागेल असं वाटत असेल तर आत्ता, पावसाळ्याआधी, त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि घरी एका साध्या दिवशी त्याचा परिणाम बघून घ्या.

मिरजेच्या घराची तयारी मे महिन्यातच करा. एक रात्र मुक्काम करून बघा, दोनदा झाला तर उत्तम. दिवसा जिना चढताना कठड्याकडची बाजू त्यांची, तुम्ही एक पायरी मागे. उतरताना तुम्ही एक पायरी पुढे, त्यांच्याकडे तोंड करून. पायऱ्यांच्या कडेला पिवळी किंवा पांढरी चिकटपट्टी लावा. सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या असल्या की त्यांना कड दिसत नाही. बाथरूमची आतली कडी काढून टाका किंवा दोऱ्याने बांधून ठेवा. नव्या घरात आत जाऊन कडी लावणं आणि मग उघडता न येणं हे फार होतं. संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरात "संडास" लिहा, रात्री आतला दिवा चालू आणि दार उघडं. पलंगापासून संडासापर्यंत बॅटरीवरचे दोन छोटे दिवे. मेणबत्ती नको, सावल्या हलतात आणि त्यांना माणसं दिसायला लागतात.

सोबत त्यांची स्वतःची उशी, रोजची चादर, जपमाळ किंवा जे हातात असतं ते न्या. धुऊन नेऊ नका, घरचा वास राहू दे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नव्या जागी गेल्यावर थोडी बेचैनी अपेक्षित आहे. पण एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, म्हणजे दिवसभर झोप आणि रात्री बडबड, किंवा नसलेल्या वस्तू हवेत पकडणं, किंवा अचानक चालता न येणं, तर "जागा बदलली म्हणून" असं म्हणून थांबू नका. ते डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, असतं आणि त्याला शरीरातलं कारण असतं. स्थलांतरात सगळ्यात आधी बघायच्या तीन गोष्टी: लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ. तिन्हींचं मूळ बहुतेक एकच. संडास लांब किंवा अनोळखी, म्हणून आपणच त्यांना पाणी कमी देतो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर जागेपणी दर तासाला अर्धी वाटी. समोर ठेवून पिणार नाहीत, हातात द्यावं लागतं. दर दोन तासांनी संडासला नेणं चालू ठेवा, "लागलीय का" असं विचारून नाही, सरळ नेऊन. लघवी किती वेळा झाली आणि शेवटचा शौच कधी, हे कागदावर लिहा.

कॅम्पमध्ये राहावं लागलं तर भिंतीचा कोपरा घ्या, त्यांची पाठ भिंतीला, त्यांच्या आणि दाराच्या मध्ये तुमचं अंथरूण. उकिडवं बसता येत नसेल तर मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची सोबत हवीच, शाळेत ती मिळणार नाही. घास गिळताना ठसका लागत असेल तर कॅम्पमधले कोरडे पोहे, बिस्किटं तशीच देऊ नका. मऊ खिचडी, दुधात पूर्ण भिजलेलं बिस्किट, नाचणीचं घट्ट सत्त्व. ताठ बसवून छोट्या चमच्याने, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. कवळी असेल तर नाव लिहिलेली डबी न्या. रुमालात गुंडाळलेली कवळी हमखास हरवते.

---

औषधपेटी

औषधांचा हिशेब ७ दिवसांचा नको, १४ दिवसांचा धरा. पूर ओसरल्यावरही बाजारपेठेतली दुकानं चिखलात असतात, माल लगेच येत नाही.

रिव्हास्टिग्मिन पॅच: १४ नग, प्रत्येक त्याच्या बंद पाकिटात, हवाबंद पिशवीत. रोज एकच, आणि जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. गडबडीत एकाने सकाळी लावला, दुसऱ्याने संध्याकाळी, असं झालं की उलट्या, नाडी मंद, चक्कर. म्हणून पॅचवर बॉलपेनने तारीख लिहा, लावायच्या आधी. पाठीच्या वरच्या भागावर लावला तर त्या ओढून काढू शकत नाहीत. पावसात भिजून पडला तर उरलेल्या दिवसासाठी नवा लावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी बदला. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा थेट ९.५ लावू नका. डॉक्टर ४.६ पासून सुरू करायला सांगतात, कारण खंडानंतर पूर्ण डोस दिला की जोरात उलट्या होतात. हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं.

ग्लिमेपिराइड ही पुरातली सगळ्यात धोक्याची गोळी. गोळी दिली आणि जेवण दोन तास लांबलं की साखर उतरते. अल्झायमर्समध्ये ती उतरलेली दिसते कशी? चिडचिड, घाम, वेड्यासारखं वागणं. लोक म्हणतात आजार वाढला. नियम असा ठेवा: ताट समोर आल्याशिवाय गोळी नाही. ग्लुकोमीटर आणि २५ पट्ट्या बॅगेत. ७० च्या खाली आली आणि शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८. जेवण अनियमित असताना ही गोळी कमी करायची का, हे आत्ताच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

क्वेटियापिन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, म्हणून मूळ चिठ्ठी बॅगेत, फोटो दोन फोनमध्ये. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवंच, कंपनीचं नाव गावोगावी बदलतं. पट्ट्या कापून डब्यात भरू नका, एक्स्पायरी तारीख कापली जाते. आणि बॅगेतला साठा वर्षभर तसाच पडू देऊ नका. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्या पट्ट्या बॅगेत, बॅगेतल्या जुन्या वापरात.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. पार्किन्सन्सची लिव्होडोपा किंवा फिट्सची गोळी एकदम बंद पडता कामा नये, तिचा साठा सगळ्यात आधी. आणि निदान लेवी बॉडी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) असेल तर कागदावर ठळक लिहा: "हॅलोपेरिडॉल देऊ नये." आरडाओरडा करणाऱ्या पेशंटला कॅज्युअल्टीत हेच इंजेक्शन सहज दिलं जातं आणि या आजारात शरीर ताठरून जीवावर बेततं.

बाकी सामान: डायपर, स्थलांतरात दिवसाही लागतील असं धरून, रोज ५ प्रमाणे ८ दिवसांचे ४०. चालणाऱ्या माणसाला चड्डीसारखे, पण त्यातले १० पट्टीवाले ठेवा, उभं राहता आलं नाही तर तेच बदलता येतात. अंडरपॅड १०, झिंक ऑक्साइडचं मलम, ओले रुमाल, काळ्या कचरापिशव्या, ओआरएसची ६ पाकिटं (एक पाकीट एक लिटरला, तयार केलेलं २४ तासांत संपवायचं), क्लोरीनच्या गोळ्या, चष्म्याचा जुना जोड, श्रवणयंत्राचे सेल. सगळं दोन बॅगांत विभागा. औषधं, कागद, दोन डायपर, एक कपड्याचा जोड आणि खाऊ ही खांद्यावरची छोटी बॅग, पाच किलोच्या आत. मोठी बॅग सोडावी लागली तरी छोटी तुमच्या अंगावर राहिली पाहिजे.

---

सांगलीकर_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. पातळीचा आकडा आजच शेजारच्या काकांना विचारते. आणखी दोन शंका. दुपारी दुकानात जाताना मी बाहेरून कुलूप लावते, ते पुराच्या दिवसांत कितपत बरोबर? आणि कॅम्पमध्ये किंवा मिरजेला त्या निसटल्या तर? त्यांना आमचा पत्ता सांगता येत नाही.

---

शेजारधर्म

ताई, कुलूप लावून एकटं ठेवू नका, पुराच्या दिवसांत नाही आणि एरवीही नाही. शॉर्टसर्किट झालं, गॅस गळला, पाणी आलं, तर त्यांना बाहेर पडता येत नाही आणि कुणाला आत जाता येत नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. एकट्याने सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं, कारण दुसरा माणूस नसतो. तर दुसरा माणूस शोधणं हीच तयारी. वीस मिनिटं बसेल अशी शेजारीण, किंवा किराणा घरपोच. आणि ज्या दिवशी खरंच दुसरा इलाज नसेल त्या दिवशी किल्ली शेजारी द्या, सांगून. रात्री निसटू नयेत म्हणून दाराच्या अगदी वर, डोक्यापेक्षा उंच एक कडी, दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा आणि दाराला घुंगरू. घरातला मोठा माणूस ती कडी क्षणात उघडू शकला पाहिजे.

निसटण्याबद्दल. त्यांना तुमचा पत्ता सांगता येत नाही, पण कदाचित माहेरचा सांगता येईल. आपल्याकडे बायकांचं लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतं, आणि अल्झायमर्समध्ये अलीकडचं आधी पुसलं जातं. पोलिसांनी नाव विचारलं तर त्या लहानपणीचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं गाव सांगतील. तुम्ही नोंदवलेल्या सासरच्या नावाशी ते जुळणारच नाही. म्हणून ओळखकार्डावर दोन्ही नावं हवीत. पोस्टकार्डाएवढा कागद, लॅमिनेट करून, असा मजकूर:

"मला स्मृतिभ्रंश आहे. सासरचं नाव अमुक. माहेरचं नाव अमुक, गाव अमुक. मला अमुक नावाने हाक मारल्यास मी ओ देते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. अंगाला अचानक हात लावू नका. चहा दिल्यास मी बसते. साखरेचा आजार, अमुक गोळी. फोन: एक, दोन, तीन."

तीन नंबरांपैकी एक सांगली-मिरजेबाहेरचा, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाचा ठेवा. पुरात स्थानिक टॉवर बंद पडतात आणि तुमच्या दोघांचे फोन एकाच वेळी लागत नाहीत. हे कार्ड एक बॅगेत, एक परकराच्या आतल्या खिशात. शिवाय नंबर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईने प्रत्येक परकराच्या पट्टीवर आणि ब्लाउजच्या आत. गळ्यातलं लॉकेट काढून टाकतात, बांगडीसारखं काही असेल तर बरेचदा राहतं. जीपीएसचं घड्याळ चांगलं आहे, पण त्याला चार्जिंग आणि टॉवर दोन्ही लागतं. पुरात नेमकं तेच नसतं, म्हणून ते शाईच्या जागी नाही, शाईच्या जोडीला.

घराबाहेर असताना रोज सकाळी कपडे घातल्यावर एक पूर्ण उभा फोटो काढा. हरवल्यावर "कोणत्या रंगाची साडी" हे कुणालाही नक्की आठवत नाही.

सापडत नाहीत असं लक्षात आलं तर पहिली १५ मिनिटं इमारतीतच: संडास, गच्ची, जिन्याखाली, पलंगामागे, शेजारच्या घरांत. मग लगेच ११२. चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं तरी थांबू नका, तसा नियम नाही. त्याच वेळी एका माणसाला त्या नेहमी ज्या दिशेने "घरी" जायला निघतात त्या रस्त्याला पाठवा. एसटी स्टँड, देऊळ, जुनं घर, आणि पुराच्या दिवसांत सगळ्यात आधी पाण्याची कड. हाक मारताना लहानपणीच्या नावाने मारा.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते सांगतो. पूर काही दर वर्षी येत नाही. पण सांभाळणारं माणूस आजारी पडणं कोणत्याही मंगळवारी होऊ शकतं. तुम्हाला उद्या डेंगी झाला, पाय मोडला, तर आजींचा पॅच कुठे लावायचा हे घरात दुसऱ्या कुणाला माहीत आहे का? एका कागदावर त्यांचा दिवस तासावार लिहा. उठणं, चहा किती साखरेचा, संडासच्या वेळा, गोळी कशात घालून जाते, काय म्हटलं की चिडतात, काय गुणगुणलं की शांत होतात. तो फ्रिजवर लावा आणि फोटो नणंदेला पाठवा. नवरा आणि मुलगा, दोघांनीही तुमच्या देखत किमान तीन वेळा डायपर बदलून आणि पॅच लावून बघितलेला असावा. नुसतं सांगून येत नाही. आईसाठी करताना नवऱ्याला संकोच वाटेल, मुलाला तर नक्कीच. तो संकोच शांत दिवशी निघून गेलेला बरा.

एका शेजाऱ्याशी रोज सकाळी नऊला एक मिस्ड कॉल ठरवा. आला नाही तर त्यांनी किल्लीने दार उघडून बघायचं. नर्सिंग ब्युरोकडून सांभाळायला मावशी मिळतात, पण ऐन वेळी नाही. दोन ब्युरोंचे नंबर आणि दर आत्ता विचारून ठेवा. ५,००० रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत बॅगेत असू देत, वीज आणि नेटवर्क नसताना यूपीआय चालत नाही. एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, ज्येष्ठांबाबत मदत कुठे मिळेल हे तिथे विचारता येतं. सासूबाई ७० च्या वर आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. अचानक भरती करावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्याची आणि आधारची प्रत छोट्या बॅगेत.

---

वॉर्डसिस्टर

एक राहिलं, परत येण्याचं. पाणी ओसरलं की सगळे घर धुवायला धावतात आणि आजींनाही सोबत आणतात. नका आणू. चिखल, वास, भिंतीवरची पाण्याची रेघ, बाहेर काढून ठेवलेला त्यांचा पलंग हे बघून "हे माझं घर नाही" असं ठाम बसतं आणि मग महिनोन् महिने जात नाही. वायरिंग तपासून झालं, पिण्याचं पाणी सुरू झालं, की आधी फक्त त्यांचा कोपरा लावा. पलंग त्याच दिशेला, देवाचा फोटो त्याच भिंतीवर, उशी-चादर तीच. बाकी घर अर्धवट असलं तरी चालेल. मग सकाळी आणा, संध्याकाळी नाही. घर धुणाऱ्यांनी गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर नक्कीच, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारावं. पुढच्या महिनाभरात ताप आला तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे सांगायला विसरू नये. तुम्ही पडलात तर आजींचं कोण बघणार?

---

सांगलीकर_सून

काकांनी आकडा सांगितला, पुलावर ४२ असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतं. म्हणजे आमचा ३२. दाराच्या मागे खडूने लिहिलाय. या रविवारी मिरजेला मुक्काम करून बघतो. आज रात्रीचा पॅच मुलाने लावला, तारीख लिहून.